ओहमकाका

सकाळी कुणी "काय काका, कसे आहात?" असं विचारलं की ओहमकाका सांगतात, "चार पॉइंट दोन." तेच संध्याकाळी विचारलं तर, "तीन पॉइंट चार. आता चार्जिंगला लावायला हवं." इंग्लंडात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, त्यामुळे सकाळचा आकडा ऐकून नवख्या माणसाला वाटतं की काका मधुमेही आहेत आणि साखर अगदी ताब्यात आहे. तो कौतुकाने म्हणतो, "वा, छान कंट्रोल ठेवलाय!" इथे तो फसतो. "साखर नाही हो, लिथियम!" म्हणत काका त्याचा दंड धरतात आणि लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, दिवसभराची सरासरी ३.७ आणि दमला की ३.४, असं सांगायला लागतात. त्या माणसाचा पार्किंगचा तास तिथेच संपतो.

काकांचं खरं नाव सांगत नाही. ते हॅरोच्या बाजूला राहतात, मराठी मासिकं वर्गणी भरून मागवतात आणि लेखांतली आकडेमोड तपासून संपादकांना पत्र पाठवतात. म्हणून पुढचे आकडे मी दोनदा ताडून घेतले आहेत.

काकांचं दर्शन प्रथम खिशांचं होतं. अंगात बिनबाह्यांचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट. एका खिशात बॅटऱ्या, त्याही प्लास्टिकच्या डबीत. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात ठेवणाऱ्याला ते माणसात गणत नाहीत, कारण किल्लीने दोन्ही टोकं जोडली की खिशातच आग लागते. दुसऱ्या खिशात मल्टिमीटर. तिसऱ्यात चिमटा, तारेचं भेंडोळं आणि कापूस. आणि छातीवरच्या खिशात, इतर माणसं जिथे पेन लावतात तिथे, ती नळी. ई-सिगारेट. काका तिला फक्त 'उपकरण' म्हणतात.

व्यसन सोडलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दारू सोडलेला माणूस लग्नाच्या पंगतीत सरबताचा पेला उंच धरून हिंडतो. साखर सोडलेला दुसऱ्याच्या ताटातल्या जिलब्या मोजतो. ही माणसं सोडलेल्या गोष्टीविषयी बोलतात. ओहमकाका सोडलेल्या सिगारेटीविषयी चकार शब्द काढत नाहीत. ते बोलतात ते तिच्या जागी जे सापडलं त्याविषयी, आणि काकांना तिच्या जागी गणित सापडलं.

तशी सिगारेटची कारकीर्द लांबलचक होती. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकल करताना चारमिनार. नोकरी लागल्यावर विल्स. लग्न ठरल्यावर सासऱ्यांसमोर काही नाही, लग्न झाल्यावर पुन्हा विल्स. इंग्लंडात रेल्वेच्या सिग्नलांच्या कामावर आले तेव्हा बेन्सन अँड हेजेस, आणि दर बजेटागणिक किंमत चढत गेली तशी पुडीतली तंबाखू कागदात स्वतः वळून. १ जुलै २००७ पासून इंग्लंडात बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली आणि काका पावसात आले. मंडळाचा कार्यक्रम असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, मुख्य प्रसंगी काका बाहेर, छत्रीखाली. लग्नाच्या फोटोंत ते फारसे नाहीत. एका फोटोत मागच्या काचेतून दिसतात, धुरात.

२०१२च्या सुमारास कुणीतरी त्यांना बाजारातली पेनासारखी ई-सिगारेट आणून दिली. पहिल्या झुरक्याला काका खोकले, दुसऱ्याला करपट लागलं, तिसऱ्याला त्यांनी ती फेकून देण्यासाठी हात उचलला. तेवढ्यात त्यांना कॉइलच्या बुडाशी कोरलेली बारीक अक्षरं दिसली. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली. १.८ आणि पुढे ग्रीक ओमेगा. काकू सांगतात, "त्या क्षणी यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, कॉलेजातली कुणी भेटली."

तसंच होतं ते. आयुष्यभर धूर ओढला, पण सिगारेटीत मोजण्यासारखं काही नव्हतं. पेटवली, ओढली, विझली. आणि इथे हाताच्या बोटाएवढ्या नळीत बॅटरी होती, तारेचं वेटोळं होतं, रोध होता, आणि वेटोळ्याच्या पोटातून गेलेला कापूस होता. बटण दाबलं की तार तापते, कापसात भिनलेल्या द्रवाची वाफ होते, एवढंच यंत्र. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकोल, ग्लिसरीन, थोडा सुवास आणि निकोटिन. तार किती तापणार हे ठरवायला व्हीजेटीआयचं पहिलं वर्ष पुरतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, उत्तर वॅटमध्ये. त्या रात्री काकांनी सिगारेट ओढली नाही, कारण तक्ता आखण्यात त्यांना आठवणच राहिली नाही.

तो तक्ता आजही आहे. आडवे व्होल्ट, उभे ओहम. फिक्या निळ्या रंगाच्या चौकोनात वाफ नुसतीच ओलसर, घशाला काही कळत नाही, नळीत गुळगुळ आवाज. हिरव्या पट्ट्यात सहा ते नऊ वॅट. सिगारेटवरून नुकत्याच आलेल्या माणसाने इथे राहायचं. लाल रंगात करपणं. काकांनी त्याच्या प्रती प्लास्टिकमध्ये मढवून घेतल्या आहेत. हळदीकुंकवाला काकूंनी आलेल्या बायकांना वाण दिलं की बाहेर गाडीत बसलेल्या नवऱ्यांना काका तक्ता देतात.

आता सांगलीच्या मुलाची गोष्ट. मुलगा संगणकातला, वर्षभरापूर्वी आलेला, दिवसाला एक पाकीट ओढणारा. बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने सिगारेट सोडायचं ठरवलं आणि दुकानातून पेन विकत घेतलं. आठवड्याने गणपतीच्या आरतीनंतर तो हॉलच्या मागच्या दारी काकांना सापडला. खरं तर काका त्याला सापडले असं म्हणायला हवं, पण तसं म्हणणारा कुणी मला अजून भेटलेला नाही.

"काका, घसा सोलून निघतो हो. आणि चव अशी की जळकी चादर चावतोय."

"व्होल्ट किती?"

"कसले?"

"बरं. ओहम किती?"

"काय किती?"

काकांनी डोळे मिटले. डोळे मिटलेले असताना ते जर्मनीत असतात, हे आम्हाला माहीत आहे. "गेओर्ग सायमन ओहम," ते म्हणाले, "कोलोनच्या शाळेत मास्तर होता. १८२७ साली पुस्तक लिहिलं. त्याच्याच देशात लोकांनी नाकं मुरडली. मास्तरकी सोडली बिचाऱ्याने. शेवटी १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं. इंग्रजांनी केलेलं एक बरं काम. आणि तू विचारतोस, काय किती?"

मुलाने खाली पाहिलं. प्रसादाच्या द्रोणात खिरापत होती, ती त्याने घाईने संपवली.

मग तपासणी सुरू झाली. पेनाच्या बुडाशी फिरवायची चकती होती, ३.३ ते ४.८. चकती ४.८वर. कॉइल १.८ ओहमची. काकांनी मुलाला तक्ता वाचायला लावला. बोट आडवं गेलं, उभं आलं आणि लाल चौकोनात थांबलं. १२.८ वॅट.

"इतकं वर का ठेवलंस?"

"काका, पैसे पूर्ण दिलेत. मग कमी कशाला ठेवायचं?"

हे उत्तर इतकं आपलं होतं की काकांना क्षणभर काही सुचलं नाही. पंख्याचा रेग्युलेटर पाचावर, मिक्सर तीनावर आणि लिफ्टचं बटण पाचदा दाबणाऱ्या लोकांत वाढलेला मुलगा तो. त्याला चकती मध्यावर ठेवणं म्हणजे ताटात टाकल्यासारखं वाटत होतं.

काकांनी चकती ३.७वर आणली. "आता बघ. साडेसात-पावणेआठ वॅट. ओढ. घाई करू नकोस, सिगारेटसारखा आधी तोंडात घे, मग आत."

मुलाने ओढलं. खोकला आला नाही. त्याचा चेहरा उजळला. इथे साधा माणूस थांबला असता आणि दोघं जेवायला गेले असते. काका म्हणाले, "आता तुला प्रश्न पडला असेल, व्होल्ट तर तेवीस टक्केच उतरवले, मग एवढा फरक कसा?" मुलाला असा काहीही प्रश्न पडलेला नव्हता. "कारण वर्ग! व्होल्टचा वर्ग होतो! ३.७चे ४.८ केलेस तर व्होल्ट तीस टक्के वाढतात, पण उष्णता अडुसष्ट टक्के वाढते. वर्ग कधी शिकवतात?"

"शाळेत."

"आणि वापरतात कधी?"

मुलाच्या बायकोने आतून दोनदा हाक मारली होती. आत वाढपी मसालेभात संपल्याचं जाहीर करत होते. काका मात्र आता दुसऱ्या बाजूने निघाले होते: समजा कॉइल १.८ऐवजी २.४ची असती तर ३.७ व्होल्टवर पाच पॉइंट सात, म्हणजे फिक्कं, तिथे ४.२ लागले असते, म्हणजे सात पॉइंट तीन. आणि तीन ओहमची असती तर ४.८वर सुद्धा पावणेआठच, बेधडक ठेवायचं. "म्हणजे ४.८ वाईट नाही आणि १.८ही वाईट नाही. त्यांची जोडी वाईट आहे. पत्रिका न बघता लावून दिलेली."

मुलगा त्या वर्षीच्या गणपतीत ताक पिऊन घरी गेला. पण सिगारेट सुटली त्याची, हे नमूद केलं पाहिजे.

ओहमला काका मानतात, पण त्यांची खरी भक्ती जूलवर आहे. नाव त्यांना ओहमचं पडलं असलं तरी तार तापवतो तो जूल, असं त्यांचं म्हणणं. जेम्स प्रेस्कॉट जूल, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा, बिअर गाळणाऱ्याचा मुलगा. विजेच्या प्रवाहाने तारेत किती उष्णता होते हे त्याने १८४०च्या सुमारास घरच्या घरी मोजून काढलं. सेल गावच्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याचा दगड आहे आणि त्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारं काम, फूट-पौंडात. लग्नाच्या वाढदिवसाला काकूंना 'लेक डिस्ट्रिक्टला नेतो' म्हणून काकांनी गाडी काढली आणि दुपारपर्यंत दोघं त्या दफनभूमीत होती. काकू म्हणतात, "सरोवरं दुसऱ्या दिवशी बघितली. फोटो काढायला यांच्या फोनात जागा नव्हती. दगडाचेच भरले होते."

चीनच्या होन लिकविषयी मात्र काकांच्या मनात अढी आहे. आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. हा औषधनिर्माता, स्वतः सिगारेटी ओढायचा, वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. २००३ साली त्याने हे उपकरण सिद्ध केलं. काकांना हे सगळं मान्य. अढी एवढ्यासाठीच की त्याच्या मूळ यंत्रात द्रवाचे तुषार अतिध्वनीच्या कंपनांनी करायचे होते. "म्हणजे त्यात गणित आमचं नव्हतंच," काका खेदाने म्हणतात. "बरं झालं, पुढच्यांनी तार घातली."

घरात या सगळ्याचा जमाखर्च काकूंकडे असतो. राख गेली, पडद्यांचा वास गेला, खोकला गेला. आले ते स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमटे, सुकत घातलेल्या, द्रव भरायच्या टाक्या, ड्रॉवरमध्ये कान्थलची तार. लोखंड, क्रोमियम, अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, हे आता काकूंनाही पाठ आहे. आणि कापूस. कॉइल स्वतः वळायला लागल्यावर काकांना वातीसाठी स्वच्छ, रसायन न लावलेला कापूस हवा होता. जपानी कापूस महाग पडतो. मग त्यांचं लक्ष देवघराकडे गेलं. वाती वळण्यासाठी भारतातून आणवलेल्या कापसाची पुडी भराभर हलकी व्हायला लागली, तेव्हा काकूंना आधी उंदराचा संशय आला. खरं कळलं तेव्हा त्यांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "आमचे हे देवाच्या वाती ओढतात."

पण काकांचा खरा पराभव याच कापसाने केला. एकदा दोघं-तिघं नवशिके सोफ्यावर बसले होते आणि काका करपट झुरक्याचं प्रकरण समजावत होते. म्हणजे कॉइलला वॅट जास्त दिले की द्रवाची वाफ होण्याचा वेग हा केशाकर्षणाने कापसात द्रव चढण्याच्या वेगापेक्षा अधिक होतो, परिणामी कापूस कोरडा पडतो आणि... काका अर्ध्या तासाच्या ऐवजाची पहिली तीनच वाक्यं बोलले होते. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "निरांजनातलं तूप संपलं की वात जळते. तेच हे." आणि ट्रे ठेवून गेल्या.

नवशिक्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं. नवी कॉइल घातल्यावर कापसावर दोन-चार थेंब टाकून दहा मिनिटं का थांबायचं, टाकी तळाला जाण्याआधी का भरायची, जाडसर, ग्लिसरीन जास्त असलेला द्रव बारीक कॉइलमध्ये का चढत नाही, सगळं. काका पुढचा आठवडा काकूंशी फक्त कामापुरतं बोलत होते.

आता, हे काही खेळणं नाही, हे काकांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. २०१५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं: ३.३ व्होल्टवर वाफेत फॉर्मॅल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर सापडली. इथल्या वर्तमानपत्रांनी बातमीचा डोंगर केला. काकांनी बातमी वाचली आणि पेपर टेबलावर आपटला. "व्होल्ट छापलेत. ओहम कुठे आहेत?" त्याच वर्षी ग्रीसमधल्या एका हृदयविकारतज्ज्ञाच्या गटाने दाखवलं की असे विषारी पदार्थ भरपूर निघतात ते कापूस कोरडा पडून करपल्यावर, आणि तो झुरका इतका घाणेरडा लागतो की माणूस तो टाळतोच. काकांनी हे कात्रण फ्रिजवर लावलं. मी हे सांगतो याचा अर्थ वाफ म्हणजे हवा असा घेऊ नका. काकाही तसं म्हणत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्याने तिच्याऐवजी वाफ घेतली तर तोट्यातला बराच भाग वाचतो, हे इंग्लंडचं आरोग्य खातं सांगतं. न ओढणाऱ्याने ती घ्यावी असं तेही सांगत नाही. काकांच्या घरी एकदा एक कॉलेजकुमार आला, आंब्याच्या वासाची कुठली मिळते म्हणून विचारायला.

"सिगारेट ओढतोस?"

"नाही हो काका, कधीच नाही!" पोरगा अभिमानाने म्हणाला.

"मग ऊठ," काका म्हणाले. "ओहमचा नियम शिकायचा असेल तर घरातून इस्त्री घेऊन ये."

काकांना एकदाच खरं रागावलेलं पाहिलं. दिवाळीच्या कार्यक्रमाबाहेर एक तरुण तांब्याची जाडजूड नळी घेऊन ढग सोडत होता. आतमध्ये इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, थेट बॅटरी, बटण आणि कॉइल. कॉइल त्याने स्वतः वळलेली, ०.१५ ओहमची. मित्र टाळ्या वाजवत होते. काकांनी तोंडी भागाकार केला. ४.२ भागिले ०.१५, अठ्ठावीस अँपिअर. त्यांनी पोराच्या हातातून नळी घेतली, बॅटरी काढली. १८६५०, म्हणजे अठरा मिलिमीटर जाडीची, पासष्ट लांबीची. क्षमता वीस अँपिअर. वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलेलं. काका काही बोलले नाहीत. लेक्चर नाही, जर्मनी नाही, जूल नाही. बॅटरी डबीत घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "नळी ओठांना लावतोस, म्हणजे हे तोंडासमोर फुटेल. बॅटरी उद्या घरी येऊन ने, वडिलांना घेऊन." पोरगा बॅटरी न्यायला आला नाही. वडील आले, आणि दोन तासांनी तक्ता घेऊन परत गेले.

काकांचे दिवस हळूहळू पालटले. २०१६च्या मे महिन्यात नवे नियम आले: टाकी दोन मिलिलिटरची, बाटली दहा मिलिलिटरची, निकोटिन मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. हे त्यांनी कुरकुरत सोसलं. पण उपकरणांत चिप आल्या. चिप आपणच कॉइलचा रोध मोजते, आपणच वॅट ठरवते, वर पडद्यावर हसरा चेहरा दाखवते. कॉइलच्या डब्यावर सरळ बारा ते सोळा वॅट वगैरे छापलेलं असतं. नवशिका येतो, आणि त्याला काही अडचणच नसते. "मग आलात कशाला?" काका विचारतात. "काकूंनी बोलावलंय, धिरडी आहेत," तो म्हणतो.

सगळ्यांत मोठं दुःख म्हणजे वापरून फेकायच्या रंगीत कांड्या. कलिंगड, निळी रासबेरी, च्युइंगगम. काकांनी एक उघडून पाहिली, आत चांगली धडधाकट लिथियम बॅटरी, आणि कॉइलवर आकडा नाही. पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी कचऱ्यात जाते यावर सरकारही अस्वस्थ झालं आणि १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्या कांड्यांच्या विक्रीवर बंदी आली. त्या दिवशी काकांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या गोऱ्या बाईंनी पर्यावरणाविषयीच्या त्यांच्या कळकळीचं कौतुक केलं. काका हसले फक्त. बिनओहमाची वस्तू बाजारातून उठली, हे त्या बाईंना सांगून काय कळणार?

दर हिवाळ्यात काका पुण्याला येतात. भारतात २०१९पासून ई-सिगारेट आणणं, विकणं, जवळ साठवणं, सगळंच कायद्याने बंद आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत तुरुंग किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी नोकरी न करताही सरकारी माणसासारखे वागणारे काका सगळं सामान हॅरोला पत्र्याच्या डब्यात बंद करून, निकोटिनचे पॅच घेऊन विमानात बसतात. पण हात रिकामे, खिसे रिकामे, गणित कुठे करायचं? पहिल्याच सकाळी भावजयीने तक्रार केली की गीझर पाणी नीट तापवत नाही, नवा घ्यावा लागणार. काकांचे डोळे लकाकले. सोसायटीत पाहता पाहता बातमी गेली. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर, म्हणजे रोध साडेसव्वीस ओहम. सकाळी सगळ्यांचे गीझर एकदम लागले की तुमच्या इमारतीत व्होल्टेज उतरतं एकशेनव्वदवर. वर्ग भागिले साडेसव्वीस, म्हणजे तेराशेसाठच्या आसपास. "गीझर चांगला आहे. दोन-तृतीयांश पगारात तो काय पूर्ण काम करणार?" सोसायटीच्या सभेत याच्यावर ठराव झाला, गीझर पाळीपाळीने लावायचा. पुण्यात त्यांना गीझरकाका म्हणतात आणि त्यांना ते ओहमकाकांपेक्षा कमी दर्जाचं वाटतं.

काकांचं निकोटिन अठरावरून बारा, बारावरून सहा, सहावरून तीनवर आलं आहे. तिथे ते बरीच वर्षं थांबले आहेत. काकू अधूनमधून विचारतात, "शून्य कधी?"

"शून्याने भागता येत नाही," काका म्हणतात. "रोध शून्य म्हणजे शॉर्टसर्किट."

"भागायला कोण सांगतंय? सोडायला सांगतेय."

यावर काकांकडे सूत्र नाही. निकोटिन सुटेल एखादे वेळी, अशी मला आशा आहे. डॉक्टरांनी तारीख विचारली आहे आणि काकांनी 'तीन पॉइंट शून्यवरून हळूहळू उतरवतो' असं लेखी दिलं आहे. समजावण्याचं व्यसन मात्र वाढतंच आहे, आणि त्याला पॅच निघालेला नाही.

तुमच्यापैकी कुणी इंग्लंडात राहत असेल, सिगारेट ओढत असेल आणि ती सोडून इकडे वळायचं ठरवलं असेल, तर डब्यावर छापलेला वॅटचा आकडा वाचा, खालच्या टोकापासून सुरू करा, नव्या कॉइलचा कापूस भिजू द्या, करपट लागलं की वर नका जाऊ, खाली या. बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका. एवढ्यावर काम भागलं नाही तर हॅरोला जा, पण गाडी अशा जागी लावा जिथे तासाचे पैसे पडत नाहीत. भारतात असाल तर विषयच नाही, बंद म्हणजे बंद. आणि सिगारेट ओढतच नसाल तर काका दारातूनच परत पाठवतील. तरी जाच, काकू चहा केल्याशिवाय सोडत नाहीत.